घराभोवतालचे साप

मैत्रिणींनो, रानातलं जनावर म्हटलं की आपल्याला आठवतो वाघ. पण महाराष्ट्रातल्या गृहिणीची खरी गाठ पडते ती सापाशी! पाऊस सुरू झाला, बिळांत पाणी शिरलं, की ही मंडळी कोरडी जागा शोधत अंगणात, न्हाणीत, कधी थेट स्वयंपाकघरात येतात. तेव्हा थोडी ओळख करून घेऊ या.

घराजवळचे चार विषारी साप पक्के लक्षात ठेवा. नाग फणा काढतो. घोणस जाडजूड, अंगावर साखळीसारखे तपकिरी ठिपके. चिडली की कुकरच्या शिट्टीसारखी फुसकारते. फुरसे बहुधा हातभरही नसते. वेटोळे करून अंगाला अंग घासत करकर आवाज करते. कोकणातल्या मैत्रिणींना ते नवीन नाही.

चौथा मण्यार. काळा, त्यावर पांढरे आडवे पट्टे. हा रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो. दंश इतका बारीक की सूज नाही, फारसं दुखणंही नाही. काही तासांनी पोटात दुखतं, पापण्या जड होतात, गिळता येत नाही. म्हणून मूल “रात्री काहीतरी चावलं” म्हणालं आणि त्याचे डोळे मिटू लागले, तर झोप असेल म्हणून सोडून देऊ नका.

भिंतीवर चढून पाली खाणारा कवड्या मात्र बिनविषारी. त्याचे पट्टे मानेपासून सुरू होऊन शेपटीकडे पुसट होतात. मण्याराचे शेपटीकडे ठळक होत जातात. पण निरखायला जवळ जाऊ नका हं! धामणही बिनविषारी. ती म्हशीचं दूध पीत नाही, उंदीर खाते. नागपंचमीला मनोभावे पूजा करा, पण दूध हे कोणत्याच सापाचं अन्न नव्हे.

आता घरची तयारी. मोरीच्या तोंडाला जाळी बसवा. लाकडं, विटा भिंतीलगत रचू नका. खरकटं रात्रभर ठेवू नका; उंदीर आले की मागोमाग साप आलाच. मुलांना खाटेवर झोपवा. खाली झोपवावंच लागलं तर मच्छरदाणी गादीखाली नीट खोचा. रात्री उठताना हाताशी बॅटरी असू द्या.

आणि दंश झालाच तर? आवळून दोरी बांधू नका, चिरा देऊ नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. सूज चढण्याआधी बांगड्या, अंगठ्या, जोडवी काढा. माणसाला चालवू नका, दंशाचा हात किंवा पाय हलू देऊ नका. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या वाहनाने दवाखाना गाठा. साप मारून सोबत नेण्याची गरज नाही, कारण एकच प्रतिविष या चारही सापांवर चालतं.

घरात साप दिसला तर मुलांना दूर करा, लांबून लक्ष ठेवा आणि वनखात्याला किंवा जाणकार सर्पमित्राला बोलवा. काठी मात्र उचलू नका. सापाला मारायला किंवा पकडायला गेलेल्यालाच दंश होण्याची भीती जास्त!