आवाज तिचा, होकार कुणाचा?

आयर्लंडमधल्या लिमरिक शहरातला 'द क्रॅनबेरीज' हा रॉक बँड आपल्यापैकी काहीजणींनी ऐकला असेल. डोलोरेस ओ'रिऑर्डन ही त्याची गायिका. १९९३ साली इंग्लंडमध्ये वॉरिंग्टन इथे बाँबस्फोटात दोन मुलगे मारले गेले, त्या संतापातून तिने 'झाँबी' हे गाणं लिहिलं. लहानपणी सोसलेल्या लैंगिक अत्याचाराबद्दल २०१३ साली ती उघडपणे बोलली. १५ जानेवारी २०१८ रोजी, ४६ व्या वर्षी, ती लंडनमध्ये अचानक गेली.

मागे राहिली नव्या अल्बमसाठी तिने कच्ची गाऊन ठेवलेली गाणी. नोएल आणि माइक होगन हे भाऊ व फर्गल लॉलर या साथीदारांनी आधी तिच्या घरच्यांना विचारलं, मगच काम पुढे नेलं. तिच्या जागी दुसरी मुख्य गायिका आणली नाही. तिच्याच आवाजाला वाद्यांची साथ दिली. एप्रिल २०१९ मध्ये 'इन द एंड' हा अल्बम आला. बँड इथेच संपतो, असं तिघांनी जाहीर केलं होतं.

कुणी म्हणेल, घरच्यांचा होकार म्हणजे तिचा होकार का? प्रश्न रास्तच आहे. बाईच्या वतीने घरच्यांनी 'हो' म्हणणं आपण रोज पाहतो. पण इथे घरच्यांआधी तिची स्वतःची इच्छा होती. ही गाणी तिने लोकांपर्यंत न्यायलाच रचली होती. म्हणून हा अल्बम मला योग्य वाटतो.

आपल्या कामात मात्र हे इतकं सरळ नसतं. समुपदेशन केंद्रात बाई बोलते ती वाट काढण्यासाठी, अहवालात छापून येण्यासाठी नव्हे. उद्या ती नसली, तर तिची ध्वनिफीत, तिचा जबाब कुणाचा? संस्थेचा? माहेरचा? की ज्याच्याविरुद्ध ती बोलली त्या नवऱ्याचा? आता तर गेलेल्या माणसाचा आवाज संगणकावर हुबेहूब काढून न बोललेलं त्याच्या तोंडी घालता येतं.

मैत्रिणींनो, कागदावरची सही किंवा अंगठा एवढ्यावर थांबू नये, असं मला वाटतं. 'हे कुणाला सांगू? कुणाला मुळीच नको? तुझ्यामागे याचं काय करू?' हे तिलाच विचारावं, आणि तिचं उत्तर तिच्याच शब्दांत लिहून ठेवावं. तिने नको म्हटलं, तर कितीही उपयोगी पडणार असलं तरी ते बंदच राहू द्यावं.