दाहावर मासळीच्या तेलाचा उतारा?

वाशी-नेरुळच्या ओपीडीत हल्ली एक प्रश्न हमखास येतो. पीसीओएसची तरुणी असो, की फॅटी लिव्हरचा सोनोग्राफी रिपोर्ट घेऊन आलेला ऐरोलीच्या आयटी पार्कमधला चाळिशीचा कर्मचारी, साखरेचा विषय संपला की दोघेही विचारतात, ‘‘डॉक्टर, फिश ऑइल सुरू करू का? इन्फ्लमेशन कमी होतं म्हणे.’’ कित्येकदा गोळ्या आधीच सुरू असतात, फक्त डॉक्टरांचा होकार हवा असतो.

पेशंटचे म्हणणे निराधार नाही. इन्सुलिन रेझिस्टन्समध्ये फुगलेल्या चरबीपेशींभोवती मॅक्रोफेज जमतात, टीएनएफ-अल्फासारखी रसायने स्रवतात आणि इन्सुलिनचा संदेश अडतो. फिश ऑइलमधले ओमेगा-३ जीपीआर १२० या रिसेप्टरमार्फत हा दाह शमवते आणि इन्सुलिनचा परिणाम सुधारते, हे कॅलिफोर्नियातील संशोधकांनी 2010 मध्ये दाखवले. उंदरांमध्ये.

माणसांच्या चाचण्यांत मात्र हा उत्साह टिकत नाही. ‘ओरिजिन’ (2012) ही चाचणी तर आपल्याच पेशंटसारख्यांवर झाली: साखर बिघडलेले किंवा मधुमेह जडलेले, हृदयविकाराचा धोका असलेले 12,536 जण. रोज एक ग्रॅमची कॅप्सूल सहा वर्षांहून अधिक काळ घेऊनही हृदयविकाराने होणारे मृत्यू घटले नाहीत. 2018 च्या ‘असेंड’मध्ये 15,480 मधुमेहींबाबतही फारसा फरक दिसला नाही: हृदय-रक्तवाहिन्यांच्या गंभीर घटना कॅप्सूल घेणाऱ्यांत 8.9 टक्के, ऑलिव्ह तेल घेणाऱ्यांत 9.2. पुढच्याच वर्षी ‘बीएमजे’ने 83 चाचण्यांचा आढावा छापला. मधुमेह टाळण्यात किंवा साखर सुधारण्यात ओमेगा-३ चा परिणाम नगण्य, असा त्याचा निष्कर्ष.

मग ‘रिड्यूस-इट’चे काय, असा प्रश्न एमआर हटकून टाकतो. तिथे शुद्ध ईपीएच्या चार ग्रॅमने हृदयविकाराच्या घटना 25 टक्क्यांनी घटल्या, हे खरे. पण तुलनेच्या गटाला खनिज तेल दिले होते आणि त्या गटाचे सीआरपी चाचणीदरम्यान चढले. दाहावरचा पुरावा म्हणून ती चाचणी पुढे करणाऱ्याने हे आधी सांगायला हवे. 2020 च्या ‘स्ट्रेंग्थ’मध्ये ईपीए-डीएचए मिश्रणाचे तेवढेच ग्रॅम मक्याच्या तेलाशी ताडले, आणि फायदा काहीच दिसला नाही. शिवाय एट्रियल फिब्रिलेशन वाढले. अनियमित नाडीच्या वयस्क पेशंटला मोठा डोस लिहिताना हे विसरून चालणार नाही.

ट्रायग्लिसराइड्सची गोष्ट वेगळी. चार ग्रॅम ओमेगा-३ ने ती 20 ते 30 टक्के उतरतात आणि तिथे औषधाला जागा आहे. मात्र हिशेब लेबलवर करायचा. केमिस्टकडच्या नेहमीच्या 1000 मिलिग्रॅमच्या कॅप्सूलमध्ये ईपीए 180 आणि डीएचए 120 असते, म्हणजे कामाचे 300. चार ग्रॅम गाठायला रोज तेरा-चौदा कॅप्सूल लागतील! ‘दिवसातून एक’ लिहिल्याने पेशंटचा खिसा तेवढा हलका होतो.

कॅप्सूलआधी पाहायची ती दाहाच्या मुळाशी असलेली चरबी. पुण्याच्या केईएमचे डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचा 2004 मध्ये ‘लॅन्सेट’ने छापलेला फोटो अनेकांना आठवेल. दोघांचाही बीएमआय 22.3, चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2. आपल्या सडपातळ दिसणाऱ्या पेशंटची चरबी कुठे दडली आहे, हे कंबरेची टेप सांगते. ती मोजायला एक मिनिट पुरते, तरी बऱ्याच केसपेपरांवर तो आकडा नसतो.

मासळी खाणाऱ्यांना बांगडा, तारली सुचवावी. कॅप्सूलच्या तुलनेत पैसे वाचतात आणि ताटात प्रथिनेही येतात. दिवाळे कोळीवाड्याजवळ राहणाऱ्याला हे पटवावे लागत नाही. त्याला तळणीऐवजी कालवण सांगितले की पुरे. शाकाहारी पेशंटला जवसाची चटणी जरूर सांगावी, पण तिच्यातल्या एएलएपासून शरीर ईपीए फार थोडे बनवते, हेही सांगावे. आणि आधीच कॅप्सूल घेणाऱ्याला ती कुणी दिली, किती दिवस चालू आहे, सोबत रक्त पातळ करणारी गोळी आहे का, याची नोंद पुढच्या व्हिजिटची वाट न पाहता त्याच दिवशी व्हावी.