मालवणला जावे एस.टी.ने

पाठीला सॅक लावून भटकणारी तरुण मुले अलीकडे मालवणच्या किनाऱ्यावर बरीच दिसतात. सिंधुदुर्ग किल्ला पाहतात, तारकर्लीला डुंबतात, वडे-सोलकढीवर ताव मारतात. छानच आहे. या वयात घराबाहेर पडायचे नाही तर कधी? पण आलात कसे, असे विचारले की बहुतेकांचे उत्तर ठरलेले : "कुडाळपर्यंत रेल्वेने, पुढे गाडी केली." तिथे माझे आणि त्यांचे बिनसते.

मालवणात रेल्वे येत नाही. 1998 साली कोकण रेल्वे सलग धावू लागली, तरी कुडाळ नाहीतर कणकवलीला उतरावेच लागते. 2021 साली चिपीला विमान उतरले. तिथूनही पुढे रस्ताच. आणि तो रस्ता पाहावा एस.टी.च्या खिडकीतून. कोल्हापूरहून राधानगरी, दाजीपूर करीत गाडी फोंडा घाट उतरू लागते, तशी हवा दमट होते आणि गाडीतली भाषाही बदलते. घाटाखाली चढलेली एखादी आजी शेजारी टेकते आणि विचारते, "खयचो रे तू?" आधी गाव, मग वाडी, मग आडनाव, तुमचे नाव सर्वांत शेवटी. भाड्याच्या मोटारीत ही चौकशी कोण करणार? कुडाळकडून आलात तर नेरूरपारचा पूल, धामापूरचा तलाव आणि बाजाराच्या पिशव्यांनी भरत जाणारी गाडी.

बँकेच्या नोकरीत माझी एक बदली याच जिल्ह्यातल्या आडगावी झाली होती. आमची शाखा घड्याळावर नव्हे, एस.टी.वर चाले. सकाळची गाडी आली की काउंटरपुढे रांग लागे. दुपारची सुटण्याआधी सगळ्यांना मोकळे करावे लागे. नाहीतर पेन्शनीला आलेली म्हातारी माणसे संध्याकाळपर्यंत वडाखाली बसून राहत. तोट्यातल्या शाखा बंद करा म्हणणारे साहेब तेव्हाही होते. 1969 च्या राष्ट्रीयीकरणानंतर खेड्यांत शाखा निघाल्या त्या निव्वळ नफ्यासाठी नव्हेत, हे त्यांना सांगावे लागे. आडवाटेची एस.टी.ची फेरीही तशीच मोजायला हवी.

2021 च्या अखेरीस सुरू झालेला एस.टी.चा संप 2022 च्या एप्रिलपर्यंत लांबला. ज्याच्या दारी दुचाकी होती तो निभावला, बाकीचे घरी बसले. त्यानंतर पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत प्रवास मिळाला, 2023 पासून बायकांना अर्धे तिकीट. सवलती चांगल्याच, पण वाडीवर गाडीच आली नाही तर त्या मोफत प्रवासाचे करायचे काय?

पर्यटकांच्या तिकिटांवर महामंडळ तरणार नाही, एवढा हिशेब मलाही येतो. पण दुपारच्या अर्ध्या रिकाम्या फेरीत रोज चार पूर्ण तिकिटे निघाली, तर ती फेरी बंद करण्याचा कागद थोडा उशिरा पुढे सरकेल. त्या उशिरात कुणाचे दवाखान्याचे, कुणाच्या नातीचे कॉलेजचे एक वर्ष निभावून जाते.

तेव्हा मुलांनो, कुडाळला उतरलात की रिक्षावाल्याला नमस्कार करून सरळ स्टँडवर जा. सॅक मात्र मांडीवर घ्या. वाटेत ठेवलीत, तर पुढच्याच थांब्यावर कुणीतरी खराट्यांचा भारा घेऊन चढणार आहे.