कागदालाही वाफसा लागतो



या सदरात आपण नेहमी खते, बियाणे, कीड-रोग यांविषयी बोलतो. आज थोडी वेगळी गोष्ट. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी मी जलरंगात निसर्गचित्र काढायला शिकतो आहे.

माझी धाकटी बहीण मुंबईत गोरेगावला राहते. तिच्याकडे गेलो की सकाळी आरे कॉलनीत फेरी असतेच. शहरातले म्हशींचे तबेले बाहेर हलवण्यासाठी १९४९ साली ही वसाहत उभी राहिली. गोठे आणि पॅरा गवत बघायला गेलेला मी, झाडाखाली रंगवत बसलेल्या एका निवृत्त चित्रकला शिक्षकांपाशी थबकलो. त्यांनी मलाही कागद दिला. मी पान न् पान काढू लागलो. ते हसून म्हणाले, "साहेब, पाने मोजू नका. ऊन कुठे पडलंय ते बघा."

ही नजर फ्रान्समधली. १८७४ साली पॅरिसच्या प्रदर्शनात क्लोद मोने यांच्या एका चित्राच्या नावावरून टीकाकाराने या चित्रकारांना चेष्टेने 'इम्प्रेशनिस्ट' म्हटले. तेच नाव रूढ झाले. याच मोने यांनी १८९०-९१ मध्ये घराजवळच्या शेतातल्या धान्याच्या गंज्या सुमारे २५ वेळा रंगवल्या. गंज्या त्याच, ऊन निराळे. ती चित्रे तेलरंगातली. पण नजर जलरंगालाही तीच लागते.

आता रीत. कागद जाड घ्यावा. पातळ कागद पाण्याने फुगतो. निळा, पिवळा, लाल आणि एक तपकिरी एवढे रंग पुरेत. एक रुंद ब्रश, एक गोल. डोळे किलकिले करून बघावे, म्हणजे बारीकसारीक जाऊन उजेड-सावलीचे मोठे तुकडे उरतात. तेवढेच पेन्सिलीने हलके आखावे. आधी फिके रंग, मग गडद. पांढरा रंग वापरायचा नाही. जिथे ऊन, तिथे कागद कोरा सोडायचा. सावलीत काळा घालू नये. नीट पाहा, ती निळसर-जांभळी असते.

खरी मेख ओलीत आहे. कागद चकाकतो आहे तोवर दूरची झाडे लावली तर रंग पसरून वाहतो. चकाकी जाऊन नुसती ओल राहिली, की झाडांच्या कडा धुक्यासारख्या मऊ उतरतात. हाच कागदाचा वाफसा! जवळच्या वस्तू पूर्ण वाळल्यावर घ्याव्या. एकदा टेकवलेला ब्रश पुन्हापुन्हा फिरवला तर ओल्या रानात औत घातल्यासारखा चिखल होतो. अर्ध्या तासात हात थांबवावा, कारण तोवर ऊन सरकलेले असते.

हे सगळे तुम्हाला का सांगतो? आमची चार एकर जमीन वडिलांच्या आजारपणात विकावी लागली. तिचा गट नंबर मला आजही पाठ आहे. पण विहिरीवरच्या आंब्यावर सकाळचे ऊन कसे यायचे, हे आठवून रंगवायला बसलो, तर कागद कोराच राहिला. रोज तिथे होतो. पाहिले मात्र कधीच नव्हते.

तुमचे शिवार तुमच्यासमोर आहे. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षेला बसणारे पोर घरात असेल, तर रंगांची पेटीही असेल. 'अभ्यास सोडून हे काय?' असे म्हणू नका. एका सकाळी त्याच्याशेजारी बांधावर बसा आणि तुम्हीही ब्रश धरा. चित्र बिघडले तर बिघडू द्या. कागदाची मागची बाजू कोरी असते.