ओळखा पाहू : कळलावी

मुलांनो, कोपरगावच्या गोदाकाठी राहणाऱ्यांना ऊस, बाभूळ आणि कडुलिंब ओळखायला शिकवावं लागत नाही. पण आपल्याच जिल्ह्याचं दुसरं टोक बघा! अकोले तालुक्यात, भंडारदरा-घाटघरकडे पावसाळ्यात नुसता धो धो पाऊस. तिथल्या ओल्या रानात श्रावण-भाद्रपदात झुडपांच्या शेंड्यावर ज्वाळा पेटल्यासारखी फुलं दिसली, तर ती कळलावीची समजा.

सहा पाकळ्या, काठ नागमोडी, आणि सगळ्या उलट्या वर वळलेल्या. उमलताना हिरवट, मग पिवळ्या, शेवटी लालभडक. एकाच वेलावर तिन्ही रंग सापडतात.

फूल नसेल तर? तर पान बघा. काकडी-कारल्याच्या वेलाला आधार धरायला वेगळे तणावे फुटतात. कळलावीच्या पानाचं टोकच शेपटीसारखं लांबतं आणि शेजारच्या काडीला विळखा घालतं. ही खूण पक्की.

जमिनीखाली कंद असतो, नांगरासारखा वाकडा. म्हणून संस्कृतात तिला लांगली म्हणतात. लांगल म्हणजे नांगर. बाळंतपणाच्या कळा आणायला पूर्वी हा कंद वापरत, त्यावरून 'कळलावी'. (भांडणं लावणारा कळलाव्या वेगळा! तो तुमच्या वर्गात असेलच.)

आता नीट ऐका. ही वनस्पती सगळीच विषारी आहे आणि कंद सर्वांत जास्त. श्रीलंकेत रताळं समजून हा कंद खाल्ल्यानं माणसं दगावली आहेत. त्यातलं कोल्चिसीन शिजवूनही जात नाही. कुणी चुकून खाल्लं तर उलट्या-जुलाब सुरू व्हायची वाट न बघता, वेलाचा तुकडा सोबत घेऊन थेट दवाखाना गाठायचा. घरच्या बागेत ही वेल असेल, तर आई-बाबांनी धाकट्या भावंडांवर लक्ष ठेवावं.

गंमत म्हणजे हेच कोल्चिसीन अगदी मोजक्या मात्रेत गाऊट या सांधेदुखीवर औषध आहे. त्यासाठी तमिळनाडूत कळलावीची शेती होते, बियांसाठी. रानातले कंद मात्र उपटून नेल्यानं ती कमी होत चाललीय.

झिम्बाब्वेचं हे राष्ट्रीय फूल. तो देश दक्षिण ऱ्होडेशिया होता तेव्हा, 1947 साली, तिथल्या शाळकरी मुलांनी वर्गणी काढून राजकन्या एलिझाबेथला एकविसाव्या वाढदिवसाला हिऱ्यांचा ब्रोच दिला होता. आकार? अर्थात कळलावीच्या फुलाचा.