नेट बंद करा आणि आपली पुस्तकं मोजा

आईसाठी टॅब्लेट घेतला. निवृत्तीनंतर तिच्याकडे वाचायला वेळच वेळ आहे, पण छापील पुस्तकांतला बारीक टाइप आता डोळ्यांना झेपत नाही. माझ्या लॅपटॉपवर दहा वर्षांत जमलेली साडेसहाशे पुस्तकं आहेत. त्यातली काही विकत घेतलेली, काही कॉपीराइट संपलेली जुनी मराठी, काही लेखकांनीच मोफत दिलेली. लॅपटॉप टेबलावर, टॅब्लेट तिच्या मांडीवर, मधे तीन फुटांचं अंतर. दोन्ही एकाच वाय-फायवर.

मी सवयीने सगळी पुस्तकं क्लाउडवरच्या एका फोल्डरमध्ये चढवायला लावली. पाऊण तास झाला तरी निम्मीही चढली नव्हती.

"काय चाललंय रे एवढं?" आईने विचारलं.

"पुस्तकं वर चढवतोय. चढली की तुझ्याकडे उतरवून घेऊ."

"वर म्हणजे कुठे?"

"सर्व्हरवर."

"आणि तो कुठे असतो?"

"ते काही सांगता येत नाही. कुठल्याही शहरात, कुठल्याही देशात."

"अरे, पण मी तर इथेच बसलेय!"

मी इंजिनिअरिंगची पदवी घेतली आहे, सॉफ्टवेअर लिहून पोट भरतो, आणि या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हापासून ते डोक्यात आहे. आपल्याच घरातल्या दोन यंत्रांमधून आपलीच पुस्तकं हलवायची, तर ती तिसऱ्या कुणाच्या तरी दारातून का न्यावी लागतात? माझं म्हणणं असं की हा तांत्रिक प्रश्न नाहीच. तो मालकीचा प्रश्न आहे. आणि आपण, म्हणजे बनवणारे आणि वाचणारे दोघंही, तो प्रश्न विचारायचाच विसरलो आहोत.

आधी तांत्रिक बाजू संपवून टाकू, कारण ती फार छोटी आहे. ईपब हा प्रकार म्हणजे वेब पानांची झिप केलेली पुडी. चित्रं नसलेली कादंबरी साधारण एक एमबीच्या आत-बाहेर बसते. स्कॅन केलेल्या पीडीएफ जड असतात. माझ्या साडेसहाशे पुस्तकांचं वजन भरलं अडीच जीबीच्या आसपास. घरातल्या साध्या वाय-फायवर दोन यंत्रांमध्ये सेकंदाला पाच एमबी वेग धरला, तरी हे काम आठ-नऊ मिनिटांचं आहे. त्यासाठी इंटरनेट लागत नाही. वाय-फाय आणि इंटरनेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपण जवळजवळ विसरलोय. राउटरच्या मागची फायबरची वायर काढून ठेवली तरी लॅपटॉप आणि टॅब्लेट एकमेकांशी बोलू शकतात. राउटरही नसेल तर फोनचा हॉटस्पॉट चालतो. बहुतेक अँड्रॉइड फोनवर मोबाइल डेटा बंद ठेवून हॉटस्पॉट सुरू करता येतो, आणि दोन यंत्रं त्यावर जोडली की रोजच्या दीड जीबीतला एक थेंबही खर्च होत नाही.

मग करायचं कसं? कॅलिबर नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. २००६ साली सोनीचं ई-बुक रीडर आलं, ते लिनक्सवर चालत नव्हतं. कोविद गोयल तेव्हा कॅलटेकमध्ये शिकत होते. त्यांनी त्या यंत्राची यूएसबीवरची भाषा उलगडून काढली आणि स्वतःपुरता एक प्रोग्राम लिहिला. त्याचंच पुढे कॅलिबर झालं. म्हणजे या सॉफ्टवेअरचा जन्मच मुळी 'माझं पुस्तक माझ्या यंत्रावर का जात नाही' या वैतागातून झालाय. त्यात जोडणी आणि शेअरिंगच्या बटणाखाली 'कंटेंट सर्व्हर' सुरू करायची सोय आहे. ती सुरू केली की १९२.१६८ ने सुरू होणारा एक पत्ता दिसतो, शेवटी ८०८० हा पोर्ट. तो पत्ता टॅब्लेटच्या ब्राउझरमध्ये टाकला की अख्खं कपाट समोर येतं, मुखपृष्ठांसकट. हवं ते पुस्तक दाबायचं, उतरवायचं. सगळं एकगठ्ठा न्यायचं असेल तर टॅब्लेटवर 'केओरीडर' टाकावं. ते कॅलिबरशी वायरलेस जोडलं जातं आणि लॅपटॉपवरून निवडलेली पुस्तकं एका फटक्यात पाठवता येतात. किंवा 'लोकलसेंड'सारखं मुक्त सॉफ्टवेअर दोन्हीकडे टाकून सरळ फोल्डर ढकलावा.

अडलंच तर बहुतेक दोन जागी अडतं. एक, विंडोजने तुमच्या घरच्या नेटवर्कला 'पब्लिक' समजून दार लावून घेतलेलं असतं; ते 'प्रायव्हेट' करावं. दोन, हॉस्टेल, पीजी किंवा ऑफिसच्या वाय-फायवर यंत्रांना एकमेकांना दिसू न देण्याची सेटिंग असते. तिथे आपला हॉटस्पॉट वापरावा. आणि अनोळखी नेटवर्कवर हा सर्व्हर उघडा ठेवून झोपू नये. झालं. तांत्रिक प्रश्न संपला.

आता खरा मुद्दा. एवढं सोपं असताना हे कुणाला माहीत का नाही?

माझ्या पिढीला आठवत असेल, कॉलेजात असताना आपण काय करायचो. शेअरइट नाहीतर झेंडर उघडायचं, दोन फोन शेजारी धरायचे, आणि अख्खा सिनेमा काही मिनिटांत पलीकडे. डेटा महाग होता, म्हणून आपण हुशार होतो. मग डेटा स्वस्त झाला. २९ जून २०२० रोजी सरकारने ज्या ५९ चिनी अ‍ॅपवर बंदी घातली त्यात ही दोन्ही होती. त्या अ‍ॅपबद्दल मला गळा काढायचा नाही. जाहिरातींनी बुजबुजलेली होती ती. पण अ‍ॅपबरोबर ती सवयही गेली. आज शेजारच्या खाटेवरच्या मित्राला पीडीएफ द्यायची तर आपण व्हॉट्सअ‍ॅप करतो. ती फाइल सर्व्हरवर जाते आणि परत त्याच खोलीत येते. अँड्रॉइडचं क्विक शेअर आहे, अ‍ॅपलचं एअरड्रॉप आहे. पण साडेसहाशे पुस्तकं, त्यांची लेखकवार मांडणी, कुठलं वाचून झालं, कुठलं राहिलं, असा सगळा संसार हलवायचा विचार त्यात कुणी केलेला नाही.

का केला नाही, हे मला आतून माहीत आहे. शेजारच्या यंत्रावर फाइल गेली की आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या हाती काही लागत नाही. लॉगइन नाही, खातं नाही, तुम्ही रात्री किती वाजता काय वाचलंत याची नोंद नाही, जागा भरली म्हणून महिन्याचं भाडं नाही. ज्या सोयीतून पैसा निघत नाही ती कुणाच्या यादीत वर येत नाही. यात कट वगैरे काही नाही. फक्त दर वेळी थोडं दुर्लक्ष होतं, आणि दुर्लक्षाची दिशा दर वेळी एकच असते.

पुस्तकांच्या बाबतीत तर नुसतं दुर्लक्ष नाही, उघड दार बंद करणं आहे. किंडलच्या वेबसाइटवरून विकत घेतलेल्या पुस्तकाची फाइल संगणकावर उतरवून यूएसबीने यंत्रात टाकायची सोय होती. २६ फेब्रुवारी २०२५ पासून अ‍ॅमेझॉनने ती काढून टाकली. २००९ च्या जुलैमध्ये याच कंपनीने ऑर्वेलची '१९८४' आणि 'अ‍ॅनिमल फार्म' ग्राहकांच्या किंडलमधून परस्पर पुसली होती. विकणाऱ्याकडे हक्क नव्हते, पैसे परत दिले, नंतर माफीही मागितली. पण घरात शिरून कपाटातलं पुस्तक उचलता येतं, हे त्या दिवशी सगळ्या जगाला कळलं. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये आपलं ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं. पैसे परत दिले, आणि लोकांनी घेतलेली पुस्तकं उघडणं थांबलं. कॅलिफोर्नियात तर २०२५ च्या सुरुवातीपासून कायदाच आलाय: डिजिटल वस्तू परवान्याने देत असाल तर 'खरेदी करा' म्हणताना हा फक्त परवाना आहे, हे ग्राहकाला स्पष्ट सांगा. ज्या गोष्टीसाठी कायदा करावा लागला ती किती सर्रास चालत असेल, याचा अंदाज करा.

मराठीत वेगळं काही नाही. आपल्याकडची बरीच ई-पुस्तकं विकणाऱ्याच्या अ‍ॅपमध्येच उघडतात. आईच्या टॅब्लेटवर मी असंच एक अ‍ॅप टाकलं. त्यात माझी पैसे मोजून घेतलेली अकरा पुस्तकं होती. अ‍ॅप म्हणालं, तुमची यंत्रांची मर्यादा संपली. मर्यादेतली दोन यंत्रं म्हणजे माझा हरवलेला फोन आणि बंद पडलेला फोन. मदतीसाठी दिलेल्या पत्त्यावर दोनदा लिहिलं, उत्तर नाही. ती अकरा पुस्तकं आजही आईला वाचता येत नाहीत. तीच मी अप्पा बळवंत चौकात जाऊन घेतली असती तर तिने वाचून मावशीला दिली असती, मावशीने परत केली नसती, आणि त्यावरून दिवाळीत भांडण झालं असतं. पुस्तक आपलं असणं म्हणजे हेच. ते देता येतं, उसनं जातं, रद्दीत निघतं, फुटपाथवर दुसऱ्या कुणाला सापडतं. आपला कॉपीराइट कायदासुद्धा एकदा चलनात आलेली छापील प्रत पुढे विकायला आडकाठी करत नाही. जुन्या पुस्तकांची दुकानं त्यावरच उभी आहेत. अ‍ॅपमधल्या पुस्तकाला हे आयुष्यच नाही.

यावर दोन आक्षेप येतील, आणि दोन्हींत तथ्य आहे.

पहिला: क्लाउड सोयीचा आहे. फोन चोरीला गेला तरी पुस्तकं राहतात, वाचलेलं पान सगळीकडे सारखं दिसतं. मान्य. माझ्याही पुस्तकांची एक जादा प्रत क्लाउडवर आहे. माझी तक्रार जादा प्रतीबद्दल नाही. तीच एकमेव प्रत असण्याबद्दल आहे. बँकेत लॉकर असणं वेगळं आणि घरात कपाटच नसणं वेगळं.

दुसरा आक्षेप प्रकाशकांचा: कुलूप काढलं तर पुस्तक गावभर फिरेल. मराठीत आवृत्त्या छोट्या, लेखकाच्या हाती पडणारी रक्कम त्याहून छोटी. त्यांची भीती खोटी नाही. पण जरा आजूबाजूला बघा. टेलिग्रामवर फिरणाऱ्या मराठी पीडीएफ बहुतेक छापील पुस्तकं स्कॅन करून केलेल्या असतात. त्यातली कित्येक पुस्तकं ई-पुस्तक म्हणून कधी विक्रीलाच आली नाहीत. त्या चोराला तुमचं कुलूप दिसलंसुद्धा नाही. कुलूप लागतं ते फक्त माझ्या आईला, म्हणजे ज्या घरातून पैसे आले त्या घरालाच. विज्ञानकथा छापणाऱ्या टॉर बुक्सने २०१२ मध्ये आपल्या ई-पुस्तकांची कुलपं काढली, आणि वर्षभराने त्यांनीच सांगितलं की चोरीत जाणवण्याजोगी वाढ झाली नाही. कुलपाशिवाय दुसरा मार्गही आहे: विकत घेणाऱ्याचं नाव फाइलमध्ये उमटवायचं. स्वतःचं नाव असलेली फाइल कुणी चव्हाट्यावर टाकत नाही, पण आईला बिनदिक्कत देतो.

म्हणून मराठी प्रकाशकांना माझी थेट विनंती आहे: आम्हाला फाइल विका. ईपब द्या, नाव उमटवून द्या, दहा-वीस रुपये जास्त घ्या. पण विकत घेतलेलं पुस्तक तुमच्या अ‍ॅपच्या आयुष्याला बांधू नका. अ‍ॅपची आयुष्यं किती असतात हे मी रोज बघतो. आपण हरिभाऊ आपटे आणि गडकरी आज मोफत वाचू शकतो, कारण तेव्हाच्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर ५० वर्षांनी कॉपीराइट संपला आणि तोवर कुणाच्या तरी माळ्यावर, कुठल्या तरी वाचनालयात छापील प्रत टिकून होती. आजच्या पुस्तकाचा कॉपीराइट संपेल तेव्हा त्याची प्रत कुणाच्या माळ्यावर असेल? बंद पडलेल्या सर्व्हरला माळा नसतो.

आणि तुम्हाला, म्हणजे हे फोनवर वाचणाऱ्यांना, एक छोटी कसोटी सांगतो. या रविवारी राउटरमागची वायर काढा, किंवा डेटा बंद करून हॉटस्पॉट लावा. मग तुमची पुस्तकं एका यंत्रावरून दुसऱ्यावर न्यायचा प्रयत्न करा. जी पोचतील ती तुमची. जी पोचणार नाहीत त्यांचं तुम्ही भाडं भरलंय, तेही एकरकमी आणि करार न वाचता.

माझ्या घरी ही कसोटी झाली. क्लाउडचं चढवणं मी मधेच थांबवलं, कॅलिबर आणि केओरीडर सुरू केलं. चहा होईपर्यंत साडेसहाशे पुस्तकं तीन फूट चालून आईकडे पोचली. अ‍ॅपमधली अकरा मागे राहिली. आईने अक्षर मोठं केलं, हरिभाऊंची कादंबरी उघडली आणि तासभर काही बोलली नाही. मग म्हणाली, "हे सगळं तुझ्या मावशीच्या टॅबवर पण घालून दे. तिला काही परत करावं लागणार नाही, बरं होईल."

विकत घेतलेली सोडून बाकीची सगळी पुढच्या आठवड्यात घालून दिली.