विथ पेपर की विदाऊट पेपर?

लग्नाच्या जाहिराती वाचायची सवय असेल तर पपीची जाहिरात अजिबात जड जात नाही. 'गोरी, सुस्वरूप, घरंदाज'च्या जागी 'हेवी बोन, डबल कोट, चॅम्पियन ब्लडलाइन' वाचायचं, बस्स! यातला डबल कोटचा फंडा मला जाम आवडतो. लॅब्रॅडॉरच्या अंगावर केसांचे दोन थर जन्मतःच असतात, सगळ्याच लॅब्रॅडॉरच्या. त्याचे जास्तीचे पैसे मागणं म्हणजे वडापाव देऊन पावाचं बिल वेगळं लावणं.

आणि भाव? तो जाहिरातीत कधीच नसतो. 'कॉल फॉर प्राइस.' कॉल केला की समोरचा आधी विचारतो, तुम्ही राहता कुठे? घोडबंदर रोड म्हटलं की एक आकडा, कळवा म्हटलं की दुसरा. पिल्लू तेच, फोन करणारीही मीच, फक्त नंबर वेगळा. (हो, करून पाहिलंय. फ्रीलान्सरला दुपारी वेळ असतो.)

गेल्या महिन्यात एका मैत्रिणीबरोबर शेलारला गेले. शेलार म्हणजे भिवंडीच्या अगदी वेशीवर, वाडा रोडला. तिला आणि तिच्या नवऱ्याला लॅब हवं होतं. दोघंही नोकरी करणारे, वन बीएचके, ईएमआय चालू, म्हणजे आपल्यासारखेच! ठाण्यात सोसायटीत सात पिल्लं एकदम कुईकुई करायला लागली तर सेक्रेटरी तिसऱ्या दिवशी नोटीस चिकटवेल. इथे मोकळी जागा, पत्र्याची शेड, आणि भिवंडीच्या गोडाऊनना राखणीला कुत्रं लागतंच, त्यामुळे जर्मन शेफर्डला गिऱ्हाईक शेजारीच.

"विदाऊट पेपर चौदा, पेपरवाला अठ्ठावीस," भाऊंनी रेट कार्ड तोंडपाठ म्हटलं.

"दहाला द्या ना भाऊ, आम्हाला कुठे डॉग शोमध्ये उतरवायचंय?"

"दहाला नाय जमणार ताई. मादी घ्या, बाराला देतो."

म्हणजे इथेही मुलगी स्वस्त! कारण विचारलं तर म्हणे, गिऱ्हाइकाला माजावर येण्याची कटकट नको असते. बैलबाजारात उपरण्याखाली बोटं दाबून सौदा व्हायचा, इथे तो मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर होतो. भाऊ आकडा टाइप करून दाखवतात, मैत्रिणीचा नवरा खोडून दुसरा टाकतो.

पेपरचं थोडं सांगायला हवं, कारण निम्मे सौदे तिथेच अडकतात. पेपर म्हणजे केनेल क्लब ऑफ इंडियाचं सर्टिफिकेट. क्लब १८९६ सालचा, मुख्य ऑफिस चेन्नईला. आई आणि बाप दोघंही तिथे नोंदलेले असतील तरच पिल्लाला हा कागद मिळतो. पण त्यात काय लिहिलेलं असतं? वंशावळ. पिल्लाला लस दिली का, पुढे लॅबना होणारा कमरेच्या सांध्याचा त्रास याच्या घराण्यात आहे का, हे तो कागद सांगत नाही. चौदा हजार जास्त मोजून आपण आडनाव विकत घेतो, तब्येत नाही. घ्यायचं असेल तर जरूर घ्या, पण काय घेतोय ते माहीत असू दे.

भाव तुटेना तेव्हा चहा आला आणि भाऊ मोकळे झाले. त्यांचं गणित ऐकण्यासारखं होतं. कुत्री दुसऱ्याच्या चांगल्या नराकडे न्यायची, तर नराचा मालक रोख फी घेतो किंवा पिल्लांतलं सगळ्यात चांगलं पिल्लू पहिल्यांदा उचलतो. मग साधारण ६३ दिवसांची गाभण कुत्री सांभाळायची. सात झाली, एक गेलं, एक नराच्या मालकाचं. उरली पाच. महिन्याभरात आईचं दूध पुरेनासं होतं. मग खाणं, जंताचं औषध, लस, सगळं खिशातून. आणि दिवस जातील तसा खर्च वाढतो, भाव मात्र पडतो! कारण आपल्याला कापसाचा गोळा हवा असतो. तीन महिन्यांचं, लांब पायांचं, लसी झालेलं पिल्लू, म्हणजे खरं तर सगळ्यात सेफ खरेदी, त्याला कोणी विचारत नाही.

म्हणूनच भाऊ म्हणाले, "पंचेचाळीस दिवसांची झालीत, आजच घेऊन जा. साडेबाराला करतो."

हा डिस्काउंट कशाचा होता ते लक्षात घ्या. २०१७ सालच्या डॉग ब्रीडिंगच्या केंद्रीय नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकताच येत नाही. आठ आठवडे म्हणजे ५६ दिवस. पंचेचाळीस ते छप्पन, मधले अकरा दिवस भाऊंना नको होते. याच दिवसांत पिल्लू भावंडांशी मस्ती करता करता किती जोरात चावायचं नाही ते शिकतं. याच सुमारास आईकडून आलेली प्रतिकारशक्ती ओसरायला लागते आणि पहिली लस हवी असते. मध्येच पार्वो गाठतो. पार्वोची लागण झाल्यावर लक्षणं दिसायला साधारण तीन ते सात दिवस जातात. म्हणजे रविवारी टुणटुणीत पिल्लू आणायचं आणि गुरुवारी उलट्या आणि रक्ताची जुलाब सुरू! मग फोनाफोनी. "आमच्याकडे ठणठणीत होतं, तुमच्या घरी लागलं." माझ्या एका कलीगचं बीगल असंच पाचव्या दिवशी गेलं. पैसे परत मिळाले नाहीत, 'दुसरं घेऊन जा' अशी ऑफर मिळाली. जणू मिक्सर बदलून देतायत.

मैत्रिणीने तेव्हा एकच गोष्ट मागितली. "आई दाखवा."

थोडं टाळून झालं, मग शेडच्या मागून आणली. पिवळसर लॅब, बरगड्या मोजता येतील अशी. आम्हाला बघून शेपटी हलवली आणि लगेच खाली बसली. वय चार, हे तिसरं बाळंतपण. मागचं कधी झालं, या प्रश्नावर भाऊंनी चहाचे कप गोळा करायला घेतले. नियम सांगतो, अठरा महिन्यांच्या आत नाही, वर्षातून एकदाच, आयुष्यात पाचवेळा, आणि आठ वर्षांनंतर बंद. राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणीही हवी आणि ते सर्टिफिकेट दिसेल असं लावायला हवं. भिंतीवर कॅलेंडर होतं. "अर्ज केलाय," भाऊ म्हणाले.

मैत्रिणीच्या नवऱ्याने कॅल्क्युलेटर खिशात टाकला होता. त्याने चौदा मान्य केले, पण अटी घालून. पिल्लू ५६ दिवस आईजवळ, पहिली लस भाऊंच्या खर्चाने, आणि पुस्तिकेत बाटलीचं स्टिकर व डॉक्टरची सही. दोन हजार ॲडव्हान्स. भाऊ इतके चकित झाले की लगेच हो म्हणाले. भाव न तोडणारं गिऱ्हाईक त्यांनी बहुधा पहिल्यांदाच पाहिलं.

मला विचाराल तर भिंतीवर सर्टिफिकेट नसेल तिथून चहा न घेता उठावं. हे मी गाडीत बोलूनही दाखवलं. "आपण उठलो तर तिचं काय?" मैत्रीण म्हणाली. आपण घेतलं म्हणून तिला पुढच्या वर्षी सुट्टी मिळणार का, हा माझा प्रश्न. कशेळीपर्यंत आमचं भांडण चाललं, नवरा गुपचूप गाडी चालवत होता.

जाता जाता, फुकटच्या बाजाराचं सांगते. रस्त्यावरची देशी पिल्लं दत्तक देणाऱ्या एका ग्रुपला त्याच आठवड्यात फोन केला होता. तिथे भावाचा प्रश्नच नाही, पण चौकशी माझीच सुरू झाली. घर भाड्याचं का स्वतःचं? ऑफिसला गेल्यावर पिल्लाजवळ कोण? खिडक्यांना ग्रिल आहे? नसबंदी करून घ्याल ना? लग्न ठरलं आणि सासरी कुत्रं नको म्हणाले तर? शेवटच्या प्रश्नाला मी म्हटलं, विचार करून सांगते. बाई म्हणाल्या, सावकाश करा, पिल्लू कुठे पळून जात नाही.